लिंबाचं पान पिवळं पडलं की लगेच बाटली उघडू नका

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. सोसायटीच्या गच्चीवर त्यांचे चार ड्रम आहेत, कागदी लिंबू, सरदार पेरू, कालीपत्ती चिकू आणि हापूसचं एक कलम. लिंबाची नवी पानं पिवळी येतायत पण शिरा हिरव्या आहेत. पावसाळ्यात झाड जरा सुधारलं होतं, पाऊस थांबल्यावर तीन आठवड्यांत परत तेच. पेरूची फळं सुपारीएवढी झाली की गळतात. दुकानदाराने सगळे मायक्रोन्यूट्रिएंट (लोह, झिंक, बोरॉन अशी झाडाला अगदी थोडी लागणारी सूक्ष्म अन्नद्रव्यं) एकत्र असलेली बाटली दिली, ती दीड महिना दर रविवारी फवारली, तर पिवळेपणा तसाच आणि वर पानांच्या कडा जळायला लागल्या. त्यांचा प्रश्न असा की हे मायक्रोन्यूट्रिएंट नक्की करतात काय आणि द्यायचे तरी किती.

ताई, पहिलं म्हणजे ती बाटली आजच्या आज बंद करा. औषध वाईट आहे म्हणून नाही, तर तुमच्या झाडाला काय कमी आहे हे न बघता सगळंच दिलं गेलंय म्हणून. मी बोरिवलीला राहतो, वीसेक वर्षं फळबागांचा सल्ला देतो, डहाणू बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, वसईच्या केळी, मुरबाडकडची आंब्याची कलमं, आणि गेली काही वर्षं मुंबईतल्या गच्च्या पण. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा काय बघितलं असेल तर हेच, की अन्नद्रव्य मातीत पडलेलं असतं, झाडाला घेता येत नसतं, आणि माणूस वरून अजून ओतत असतो. तुमच्या लिंबाचं मला तसंच दिसतंय आणि का ते खाली सांगतो.

आधी हे समजून घ्या की सूक्ष्म म्हणजे किती सूक्ष्म. फळझाडाचं पान वाळवून तपासलं तर नत्र (नायट्रोजन) साधारण दोन ते अडीच टक्के निघतं, म्हणजे एक किलो वाळलेल्या पानात वीस पंचवीस ग्रॅम. त्याच एक किलोत झिंक पंचवीस तीस मिलिग्रॅम असलं तरी लिंबाचं भागतं, आणि मॉलिब्डेनम तर मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं. एवढ्याशा मालाने काय होणार असं वाटतं, पण ही अन्नद्रव्यं बहुतेक एन्झाइमच्या कामात लागतात. डब्यात पीठ भरपूर आहे पण मीठच नाही असं समजा, मीठ चिमूटभरच लागतं पण त्याच्या जागी अजून पीठ घालून काही होत नाही. आणि मीठ मूठभर पडलं तर काय होतं ते तुमच्या पानांच्या कडा सांगतायत.

आता पान कसं वाचायचं ते. ही एक गोष्ट जमली तरी पैसे वाचतील. पिवळेपणा जुन्या पानांवर खालून सुरू झालाय का नव्या पालवीवर, हे पहिलं बघायचं. नत्र, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरतात, कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी. लिंबाच्या जुन्या पानावर देठाकडे उलट्या व्ही सारखा हिरवा भाग राहून बाकी पिवळं झालं तर ते मॅग्नेशियम. लोह, बोरॉन, कॅल्शियम एकदा पानात गेले की तिथेच बसतात, झिंकही फारसं हलत नाही, म्हणून यांची कमतरता शेंड्याला दिसते. नवं पान आकाराने नेहमीसारखं आहे पण पिवळं पडलंय आणि शिरांची बारीक हिरवी जाळी स्पष्ट दिसते, ते लोह, आपल्याकडे शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. नवं पान लहान, अरुंद, टोकदार, दोन पेरांतलं अंतर कमी होऊन शेंड्याला पानांचा झुबका, आणि पिवळेपणा ठिपक्या ठिपक्यांचा, ते झिंक. झिंक नसलं की ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक नीट तयार होत नाही म्हणून फांदी लांबच होत नाही. मँगनीजचा पिवळेपणा लोहासारखाच पण पुसट, शिरेच्या बाजूला हिरवा पट्टा रुंद राहतो. खऱ्या झाडावर मात्र दोन तीन गोष्टी एकत्र असतात, पुस्तकातल्या चित्रासारखं स्वच्छ क्वचितच दिसतं, त्यात नागअळी किंवा कोळी अशी कीड असेल तर अजून गोंधळ, म्हणून पान उलटं करून बघायची सवय ठेवा.

तुमच्या वर्णनावरून लिंबाचं प्रकरण लोहाचं आहे. पान नेहमीच्या आकाराचं, शिरा हिरव्या, नवी पालवी. आणि सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही स्वतःच दिलाय, पावसात सुधारलं आणि पाऊस थांबल्यावर बिघडलं. पावसात काय बदललं? पाणी बदललं. मुंबईत बऱ्याच सोसायट्यांत गच्चीवरच्या बागेला आणि फ्लशला बोअरिंगचं पाणी असतं, तुमच्याकडेही तसंच असणार, एकदा वॉचमनला विचारून खात्री करा. पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसाच्या तलावांचं, ते मऊ असतं. बोअरिंगच्या पाण्यात बायकार्बोनेट नावाचे क्षार असतात, ते महिनोन् महिने ड्रममध्ये जात राहिले की मातीचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर अल्क) चढत जातो, साडेसात आठच्या पुढे गेला की लोह मातीत भरपूर असूनही न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. आपल्या लाल मातीचा लाल रंगच मुळात लोहाचा आहे, म्हणजे झाड लोहात उभं आहे आणि तरी लोहाविना पिवळं पडतंय.

यात अजून दोन गोष्टी लोक हौसेने घालतात. एक अंड्याची टरफलं, ती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनाच, विरघळतात हळू पण पीएच वरच नेतात. दुसरं बोनमील (हाडांचा चुरा) किंवा डीएपी खत, दोन्हींत स्फुरद म्हणजे फॉस्फरस असतं आणि ते जास्त झालं की झिंक आणि लोह दोन्ही उचलायला त्रास होतो. तुम्ही फोटोत दाखवलेल्या मातीवर मला पांढरे खडे दिसतायत, ते टरफलं नसतील तर सिमेंट प्लॅस्टरचे तुकडे असू शकतात. हल्ली इतक्या बिल्डिंग पाडतायत की लाल मातीच्या गोणीत डेब्रिज मिसळून येणं नवीन नाही, माझ्याच एका कामात एका पुरवठादाराने अशी माती पाठवली आणि मी न बघता ड्रम भरून घेतले, सहा महिन्यांनी सगळी लिंबं पिवळी झाली तेव्हा लक्षात आलं. आता प्रत्येक गोणीतली चमचाभर माती घेऊन त्यावर व्हिनेगर टाकतो, फसफसली तर चुना आहे, ती गोणी परत. तुम्ही पण हे करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

उपाय करताना क्रम पाळा. आधी ड्रमची भोकं मोकळी आहेत का बघा, कारण पाणी साचून मुळं गुदमरली तरी नेमका असाच पिवळेपणा येतो आणि मग वरचा कुठलाच उपाय लागू पडत नाही. भोकातून काडी घालून बघा, मुळांचा गठ्ठा बसला असेल तर कापून मोकळा करा. मग मऊ पाण्याने ड्रम दोनदा तीनदा भरपूर धुवून काढा, खालून पाणी निघेपर्यंत, साचलेले क्षार बाहेर जायला हवेत. पिण्याचं पाणी इतकं वापरायला जीव होत नाही हे मला कळतं, एसीच्या पाइपमधून जे पाणी ठिबकतं ते साठवा, त्यात क्षार जवळपास नसतातच. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र उलट, त्यात क्षार गोळा झालेले असतात, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) पाचशेच्या वर दाखवत असेल तर फळझाडाला घालू नका.

बोअरिंगचंच पाणी वापरावं लागणार असेल तर दहा लिटरच्या बादलीत साधारण 2 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, पीएच पेपर बुडवून बघा, सहा ते साडेसहाच्या दरम्यान आला की पुरे. प्रत्येक बोअरिंगचं पाणी वेगळं असतं त्यामुळे पेपर बघूनच मात्रा ठरवा, माझा आकडा डोळे मिटून घेऊ नका.

आणि मग लोह. इथे चिलेटेड शब्दावर लोक फसतात, म्हणजे लोह अडकून बसू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, कारण चिलेटेड लोहाचे प्रकार आहेत. इडीटीए वालं स्वस्त आणि सगळीकडे मिळतं पण मातीचा पीएच साडेसहाच्या वर गेला की ते लोह धरून ठेवू शकत नाही, म्हणजे तुमच्या ड्रममध्ये ते घालणं म्हणजे पैसे पाण्यात. डीटीपीए साधारण सात साडेसातपर्यंत टिकतं. तुम्हाला हवं ते इडीडीएचए, पाण्यात टाकलं की वाइनसारखा गडद लाल रंग येतो, ते पीएच नऊपर्यंत काम करतं. 2 ते 3 ग्रॅम दोन लिटर पाण्यात विरघळवून मुळांशी आळवणी करा, महिन्याने एकदा परत. हे मातीतून द्यायचं, फवारायचं नाही. फवारणीच करायची असेल तर साधं फेरस सल्फेट, आपलं हिराकस, लिटरला 3 ग्रॅम आणि त्यात 1 ग्रॅम लिंबूसत्व, पाणी तपकिरी व्हायच्या आत मारून मोकळं व्हायचं, तपकिरी झालं म्हणजे लोहाचं रूप बदललं आणि पान ते घेत नाही. हा हिराकसचा उपाय फार जुना आहे, 1840 च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रीस नावाच्या शास्त्रज्ञाने पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहाचं पाणी लावून ती हिरवी होतात हे दाखवलं होतं. फवारणीने जी पानं भिजली ती हिरवी होतील, पुढची पालवी परत पिवळीच येईल जोपर्यंत मातीचं दुरुस्त होत नाही, हे मनाशी धरून ठेवा म्हणजे निराश व्हायला होणार नाही.

आता जळलेल्या कडा. जुन्या पानांची टोकं आणि कडा आधी पिवळ्या होऊन मग तपकिरी झाल्यात का? तसं असेल तर माझा संशय बोरॉनवर आहे. बोरॉन हे सगळ्यात नाजूक अन्नद्रव्य, कमतरता आणि विषबाधा यांच्यात अंतर फार थोडं. दर रविवारी फवारलेलं पाणी पानांवरून ओघळून ड्रममध्येच पडतं, शेतात ते पसरून जातं, पावसाने खाली जातं, ड्रममध्ये जाणार कुठे.

हिशोबच करून दाखवतो म्हणजे पटेल. शेतात हेक्टरी 10 किलो बोरॅक्स दिलं तर ते वरच्या 15 सेंटिमीटर मातीत, म्हणजे सुमारे 22 लाख किलो मातीत मिसळतं. त्याच प्रमाणात तुमच्या पन्नास किलो मातीच्या ड्रमला बोरॅक्स येतं पाव ग्रॅमपेक्षाही कमी. घरातला एक छोटा चमचा भरला तरी 5 ग्रॅम, म्हणजे शेताच्या वीसपट. झिंक सल्फेट हेक्टरी 25 किलो धरलं तर ड्रमच्या वाट्याला अर्धा ग्रॅम. एक चमचा टाका असं जो सांगेल त्याला विचारा की हा चमचा किती मातीला.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पालघरकडे एका पपईच्या प्लॉटवर फळं वेडीवाकडी, गाठीगाठीची येत होती, त्यातून चीक गळत होता, हे बोरॉन कमतरतेचं अगदी नेमकं लक्षण, माझं निदान बरोबर होतं. पण मी ठिबकमधून बोरॅक्स द्यायला सांगितलं, पंधरा दिवसांनी परत, आणि अजून परत, मधे एकदाही पान तपासायला पाठवलं नाही. नवीन फळं छान गोल आली आणि त्याच वेळी पानांच्या कडा करपायला लागल्या. त्या शेतकऱ्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण त्या हंगामाचं त्याचं नुकसान मला अजून आठवतं. तेव्हापासून बोरॉन एकदा दिल्यावर नवी वाढ बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा देत नाही.

पण म्हणून बोरॉनला घाबरून ते टाळूही नका, कारण फळधारणेत त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं सूक्ष्म अन्नद्रव्य नाही. परागकण फुलावर पडल्यावर त्यातून जी बारीक नळी बीजांडापर्यंत वाढत जाते तिच्या वाढीला बोरॉन लागतं, पेशींच्या भिंती एकमेकींना धरून ठेवायला लागतं. द्राक्षात ते कमी पडलं की एकाच घडात मोठे मणी आणि बारीक बिनबियांचे मणी असं मिश्रण येतं, आवळ्याचा गर आतून काळा पडतो, डाळिंब तडकायला मदत होते (तडकण्याचं मोठं कारण मात्र पाण्याची अनियमितता, सगळं बोरॉनवर ढकलायचं नाही). आंब्यासारख्या झाडात बोरॉन एका पानातून दुसरीकडे जवळजवळ जात नाही, त्यामुळे वेळ महत्त्वाची. तुमच्या हापूसला मोहोर फुटायच्या आधी, डोळे फुगलेले दिसले की एकदा, विद्राव्य बोरॉन 20 टक्केवालं लिटरला 1 ग्रॅम, आणि मोहोर बाहेर आल्यावर फुलं उमलायच्या आधी हवं तर अर्धा ग्रॅमने एकदा. बस. यंदा मात्र जर हापूसच्या ड्रमवरही ती रविवारची फवारणी झाली असेल तर बोरॉन अजिबात नको, तेवढं आधीच गेलंय. हापूसमधला साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं) यानेच जातो असं कोणी सांगितलं तर ते ऐकू नका, साका हा उष्णता, आतल्या कोयीची अवस्था, काढणीची वेळ अशा अनेक गोष्टींचा गुंता आहे.

पेरूची गळ मला मायक्रोन्यूट्रिएंटची वाटत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मुंबईची गच्ची इतकी तापते की काळा ड्रम दुपारी हाताला चटका देतो, सकाळी पाणी घातलेलं तीन वाजेपर्यंत संपतं, संध्याकाळी परत भरपूर पाणी, या चढउतारात पेरू फळं टाकतो. ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळा, मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेल्या पानांचा तीन चार इंच थर द्या, पाणी दोनदा विभागून थोडं थोडं. त्यानंतरही गळ थांबली नाही आणि नवी पानं लहान येत असतील तर झिंक सल्फेट लिटरला 3 ग्रॅम, त्यात विरवलेल्या चुन्याची निवळी दीड ग्रॅमच्या हिशोबाने, चुन्यामुळे पान भाजत नाही. पालवी दोन तृतीयांश वाढलेली, अजून कोवळी असताना मारा, जून झालेल्या पानावर मारून उपयोग कमी. पंधरा दिवसांनी दुसरी, एका पालवीला दोनच.

फवारणी पंपात काय कशात मिसळायचं नाही हेही इथेच सांगतो, झिंक किंवा लोहाच्या सल्फेटमध्ये कॅल्शियम नायट्रेट घातलं की पांढरा गाळ बसतो आणि नोझल चोंदतं, बारा एकसष्ट शून्यसारखं स्फुरदाचं विद्राव्य खतही त्यांच्यात नको. वेळ सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर.

तुम्ही विचारलं नाहीत पण बरेच जण एकाच यादीने सगळीकडे चालतात म्हणून सांगतो, जमीन बदलली की दुखणं बदलतं. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, लोह मँगनीज मुबलक, पण एवढा पाऊस पडतो की बोरॉन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुवून जातं, तिथे लोहाची बाटली विकणं म्हणजे समुद्राला मीठ विकणं. उलट विदर्भात संत्र्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह आणि झिंकचाच त्रास. तुमचा ड्रम गच्चीवर मुंबईत आहे, माती कोकणची लाल आहे, पण बोअरिंगच्या पाण्याने तुम्ही तिला चुनखडीची जमीन करून टाकलीत. आणि भरताना कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त घातलं असेल तर ते कॅल्शियम मॅग्नेशियम धरून ठेवतं, सोडत नाही, म्हणून ते वापरायच्या आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून धुवावं लागतं.

तांब्याबद्दल एवढंच की जिथे बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारलं जातं तिथे ते वेगळं द्यायची गरज सहसा पडत नाही, फ्लोरिडात तर लिंबूवर्गीय बागांत वर्षानुवर्षं तांब्याच्या फवारण्या होऊन ते मातीत इतकं साठलं की मुळांना अपाय झाला. मॉलिब्डेनम, क्लोरिन, निकेल यांचा गच्चीवर विचारही करू नका. शेणखत किंवा चांगलं कुजलेलं कंपोस्ट ड्रमला वर्षातून दोनदा घातलं तर या सगळ्यांची थोडी थोडी सोय होते, आणि त्यातली सेंद्रिय आम्लं लोह झिंकला विरघळलेलं ठेवायला मदत करतात, फुकटचं चिलेट म्हणा. चिकूला तुम्ही काही लक्षण सांगितलेलं नाही, मग त्याला काही देऊ नका, ते झाड सोसणारं आहे.

खर्च करायचाच असेल तर माती आणि पाणी दोन्हीचं परीक्षण एकदा करून घ्या, मातीत पीएच, क्षारता आणि चुनखडी, पाण्यात बायकार्बोनेट. एका महागड्या बाटलीच्या पैशात सहसा होतं. ड्रमच्या वरची नको, कडेने सहा इंच खोलीवरची माती तीन ठिकाणची एकत्र करून सावलीत वाळवून द्या.

या रविवारी फवारणीऐवजी भोकं तपासा आणि ड्रम धुवा. एक आठवड्याने इडीडीएचएची आळवणी. लिंबाच्या एका पिवळ्या फांदीला दोरा बांधून ठेवा आणि तीन आठवड्यांनी तिच्याच टोकाला जी नवी पानं येतील तेवढीच बघा, जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही आणि जळलेल्या कडा तर भरून येत नाहीतच, त्यांच्याकडे बघून परत काही ओतायची घाई करू नका. नव्या पानांचा फोटो सकाळच्या उजेडात, पान सरळ आणि उलटं दोन्ही बाजूंनी काढा आणि पाठवा, मी बघून सांगतो.